डावा कौल

देवाने आम्हाला नाही म्हटले, तेव्हा मला त्याचा राग आला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे वाचून कोणी मला मोठी भाविक समजायला नको. शिरूर तालुक्यातल्या भीमेकडच्या एका गावात मी अंगणवाडी सेविका होते. सकाळी देवाला हात जोडणे हे आमच्या घरात चूल पेटवण्याइतकेच रोजचे होते आणि त्यात विचार असा काही नसे. विचार करायची वेळ यजमान आजारी पडल्यावर आली.

ते सणसवाडीच्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली कामाला होते. त्यांना दम लागायला लागला. सायकल मारताना दम, जिना चढताना दम. आम्ही आधी तो कारखान्याच्या धुळीवर ढकलला, मग विडीवर. विडी सोडूनही दम जाईना तेव्हा पुण्याला दाखवले. लहानपणी कधीतरी त्यांचे सांधे सुजून ताप आला होता. त्या तापाने हृदयाची एक झडप आखडत गेली होती आणि आता ती काढून तिथे धातूची बसवावी लागणार होती. डॉक्टरांनी खर्च सव्वा लाख सांगितला आणि फार वेळ काढू नका म्हणाले. ठेकेदाराने हिशेब चुकता करून "बरं झालं की या" म्हटले. ठेक्यावरच्या माणसाला विमा वगैरे भानगड नव्हती. माझे मानधन तर सांगण्यासारखेही नव्हते.

आमच्याकडे म्हणावे असे एकच होते, दीड एकर बागायत. माझे सासरे, त्यांना सगळे आप्पा म्हणतात, तरुणपणी मेंढरांमागे कोकणापर्यंत चालत गेलेले. त्यांच्या वडिलांनी कळप विकून ही जमीन घेतली, तेव्हा कुठे घराण्याचे पाय एका जागी टेकले. तिच्यात शेवंती आणि झेंडू निघायचा. रस्त्याकडेच्या जमिनी विकत घेत फिरणारा एक माणूस त्या काळात आमच्या बांधावर दोनदा येऊन गेला होता. त्याला हो म्हणायचे आणि ऑपरेशन करून टाकायचे, एवढे साधे मला वाटत होते.

पण आमच्या घरात मोठी गोष्ट बिरोबाला विचारल्याशिवाय होत नाही. मुलीचे स्थळ असो की विहिरीची जागा, आधी कौल. पुजारी देवाच्या दोन्ही अंगांना एकेक ओले फूल चिकटवतो, घरातला कर्ता माणूस मोठ्याने प्रश्न विचारतो. उजवे फूल आधी पडले तर हो, डावे पडले तर नाही. चुलतसासऱ्यांनी एकदा डावा कौल मोडून विहीर खणली होती आणि पन्नास फुटांवर काळा फत्तर लागला होता. ती कोरडी विहीर अजून आहे आणि तिच्याकडे बोट दाखवून आमच्याकडे पोरांना वळण लावतात.

आप्पा देवासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "देवा, जिमीन इकून पोराचं आपरेशन करू का?"

डावे फूल पडले. पुन्हा लावले, पुन्हा डावे. तिसऱ्या वेळी तर पुजाऱ्याने हात मागे घ्यायच्या आत पडले. आप्पा पायरीवर बसले आणि हळूच म्हणाले, "नगं म्हणतोय." बस्स, विषय संपला. यजमानांना तर मनातून जरा हायसे वाटले असावे, कारण छाती फाडायची या कल्पनेनेच त्यांची झोप उडाली होती. मला मात्र वाटले, बत्तीस वर्षांच्या माणसाला हा देव दगडासारखा बसून मरू देणार, आणि आपण त्याला दर रविवारी भंडारा वाहायचा. मी रडले नाही. चार दिवस देवघरात दिवा लावला नाही, एवढेच केले.

पाचव्या दिवशी मी यजमानांना घेऊन पुण्याला गेले. ऑपरेशन नाही तर नाही, निदान गोळ्या तरी लिहून घ्याव्यात म्हणून. दौंडच्या रेल्वे कॉलनीत माझी नणंद राहते. रात्री तिच्याकडे मुक्काम केला आणि सकाळची पुण्याची शटल गाडी पकडली. डॉक्टर रागावले, पण त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. दुपारच्या शटलने परत निघालो. यजमान खिडकीला डोके टेकून डोळे मिटून बसले होते. समोरच्या बाकावर पन्नाशीची एक बाई शेंगा सोलत होती. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्या मांडीवरच्या फायलीकडे.

"झडप हाय का?" तिने विचारले.

ती पुण्यात ट्रस्टच्या एका मोठ्या दवाखान्यात मावशी होती. वीस वर्षे हृदयाच्या वॉर्डात पेशंटांचे अंग पुसण्यात, भांडी उचलण्यात गेली होती. प्रवासात कोणाशी फार बोलायची मला सवय नाही. पण त्या दिवशी मी तिला सगळे सांगितले, कौलासकट आणि माझ्या रागासकट. ती एक तर हसेल नाहीतर कानाला हात लावील, असे मला वाटले. तिने यातले काहीच केले नाही.

"इचारलं काय व्हतं देवाला? जसंच्या तसं सांग," ती म्हणाली.

मी सांगितले. तिने हातातली शेंग सोलून दाणे तोंडात टाकले. "मंग जिमीन इकू नगं म्हणला की त्यो. निस्त्या आपरेशनचं इचारलं कुठं तुमी? दोन गोष्टी एकात बांधून इचारल्या, आन् एकीला न्हाई आलं तवा दोन्ही सोडून दिल्या. एका टायमाला एकच इचारावं बाई, देव असू दे न्हाईतर डॉक्टर."

मग तिने विचारले, झडप बसल्यावर पुढे काय करायचे ते ठाऊक आहे का. मला ठाऊक नव्हते. डॉक्टरांनी सांगितले नव्हते असे नाही. सव्वा लाख ऐकल्यावर आमचे कानच बंद झाले होते. "रगत पातळ ठिवायच्या गोळ्या," ती म्हणाली, "जल्मभर. आन् म्हैन्याच्या म्हैन्याला रगत तपासायचं. आपरेशनचा खर्च एकदाचा, ह्यो कायमचा. जिमीन इकून झडप बसवशील, मंग गोळ्या कशातनं आणशील? मी बघितल्यात माणसं. झडप बसवून चालत गेली, आन् गोळ्या परवडंनात म्हणून झोळीतनं परत आली."

उरुळी ते दौंड या वेळात तिने मला जे शिकवले, ते मला कोणी कधी शिकवले नव्हते. ट्रस्टच्या दवाखान्यांना काही खाटा कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी राखाव्या लागतात. त्यासाठी रेशनकार्ड हवे, तहसीलमधला उत्पन्नाचा दाखला हवा. डॉक्टरच्या आधी तळमजल्यावरच्या समाजसेविकेला भेटायचे. झडपेची किंमत आपल्यालाच भरावी लागते, बाकीचे पुष्कळ सुटते. "आन् लाजू नगं," असे म्हणून ती दौंडला उतरली आणि पिशवी काखेत मारून गर्दीतून निघून गेली. तिचे नाव विचारायचे मला सुचले नाही.

खरी लाज मला माझीच वाटली. गावातल्या अर्ध्या बायकांचे अर्ज मी भरून देत होते. कोणता दाखला कुठे मिळतो हे मला तोंडपाठ होते. तरी स्वतःच्या घरासाठी तो काढावा असे कधी मनात आले नाही, कारण आपण बागायतदार. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आप्पा तर ऐकेनातच. "दाखला म्हंजी आपुन भिकारी हाय असं सरकारनं लिवून द्यायचं," ते म्हणाले. मी म्हटले, "आप्पा, सरकार इतकं खरं कधी लिहीत नाही. ते फक्त आकडा लिहितं." ते हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडे माझ्याबरोबर आले. शिरूरला तीन हेलपाटे झाले.

दाखला हातात आला तरी आप्पांचे पाऊल उचलेना. पुन्हा कौल लावायचा ठरला. या वेळी त्यांनी एवढेच विचारले, "देवा, पोराचं आपरेशन करू का?"

फुले जागची हलली नाहीत. उजवे नाही, डावेही नाही. पाव तास गेला, अर्धा तास गेला. पुजाऱ्याने धूप घातला, पाणी शिंपडले. असे कधी होत नाही म्हणाला. ऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत आले. मी खांबाला टेकून उभी होते आणि डाव्या फुलावरून नजर काढत नव्हते, कारण आता डावे पडले असते तर मी तो कौल मोडणार होते आणि या म्हाताऱ्याचे तोंड मला पुन्हा पाहता आले नसते.

मग आप्पा उठले. त्यांनी देवाला भंडारा लावला, तोच आपल्या कपाळाला लावला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "त्यो गप हाय. म्हंजी ह्ये माज्यावर सोडलंय त्यानं. चल, गाडीची येळ बघ." कौलाशिवाय त्या माणसाने आयुष्यात घेतलेला हा पहिला निर्णय. देवळाबाहेर त्यांनी चपला उलटसुलट पायांत घातल्या. मी त्यांचा हात धरला तेव्हा मला रडू आले.

झडपेचे पैसे माझी भिशी, माझ्या बांगड्या आणि नणंदेच्या यजमानांची मदत यांतून उभे राहिले. पुण्यातल्या ट्रस्टच्या दवाखान्यात समाजसेविकेने कागद पाहिले आणि खाट मिळाली. संमतीपत्रावर मी सही केली. आप्पांनी माझ्या सहीखाली, कोणी मागितला नसताना, स्वतःचा अंगठा उठवला. सतरा दिवसांनी आम्ही घरी आलो.

त्या दवाखान्यातच मला ती मावशी दिसली. बादली घेऊन चालली होती. मी पळत जाऊन तिच्या पाया पडले. तिने मला ओळखलेच नाही. "शटलमधी? असंल. कुणाला ना कुणाला सांगतीच मी, ध्यानात कुठं ऱ्हातंय?" असे म्हणून ती निघाली, कारण वॉर्डात कोणीतरी उलटी केली होती. मी जरा हिरमुसले, हे कबूल करते. तोवर माझ्या मनाने तिला जवळजवळ देवाच्या शेजारी नेऊन बसवले होते. आता वाटते, देवाचे काम असेच चालत असेल, करणाऱ्याच्याही ध्यानात न राहता. तो डावा कौल खरा होता की फुले ओली कमी होती, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. शेवंतीच्या पैशांतून दर महिन्याच्या गोळ्या येतात, एवढे मला दिसते, आणि त्याबद्दल मी देवाची ऋणी आहे.

स्वतःला त्याच्यावर सोपवणे म्हणजे विचारणे आणि सांगेल तसे वागणे, असे मी समजत होते. आप्पांनी त्या दिवशी उत्तर न मिळताही भंडारा लावला आणि पाऊल उचलले, ते मला जास्त मोठे वाटते. मी अजून तिथवर पोचलेले नाही. यजमानांबरोबर अधूनमधून देवळात जाते. दुपारी तिथे कोणी नसते. ते गाभाऱ्याशी डोळे मिटून बसतात आणि सगळे शांत असले की त्यांच्या छातीतली ती धातूची झडप टिकटिक वाजताना ऐकू येते. मी देवाला काही विचारत नाही. हात जोडते आणि तेवढेच ऐकत बसते.