न ओढणारा सुतार

माझे धाकटे दीर सुतार. कारखान्यात त्यांना सगळे इंजिन म्हणायचे, कारण तोंडातून सतत धूर. एका कानावर पेन्सिल, दुसऱ्यावर सिगारेट. एकदा घाईत सिगारेटनेच फळीवर खूण करायला गेले, ती गोष्ट तिथे अजून चवीने सांगतात.

मग खोकला लागला. डॉक्टरांनी ठणकावून सांगितलं, "धूर आणि लाकडाचा भुसा, दोन्ही या छातीला झेपायचं नाही. एक सोडा." म्हणजे सिगारेट सुटली नाही तर सुतारकी सुटणार. भाऊजींना दुसरं काही येत नाही, चहासुद्धा धड जमत नाही.

सोडून पाहिली. पण कुणीतरी म्हणायचं, "काय इंजिन, कोळसा संपला वाटतं?" की झालं, ये रे माझ्या मागल्या. मी रोज त्यांच्यासाठी देवापुढे हात जोडत होते. पण माणूस स्वतःलाच इंजिन समजत असेल, तर देव तरी काय करणार?

एका संध्याकाळी पडेल चेहऱ्याने आले. "वहिनी, आज खोटं बोललो. एकांच्या नव्या घरी कपाटांचं काम घेतलंय. तिथल्या मालकांनी सिगारेट पुढे केली, आणि तोंडातून निघून गेलं, मी ओढत नाही."

"एरवी काय म्हणता?"

"सोडतोय म्हणतो. मग लोक म्हणतात, उद्यापासून सोड. यांनी मात्र निमूट पाकीट खिशात ठेवलं. बाहेर येऊन ओढली मी."

मला खोटं खपत नाही, पण तेव्हा रागावले नाही. म्हटलं, "उद्या जाऊन कबूल करा, नाहीतर बोललात ते खरं करा. देवाला दोन्ही चालेल."

"कबूल करायची लाज वाटते."

"मग एकच रस्ता उरला."

दिवसभर तिथेच काम, त्यामुळे तिथे ओढता येईना. वाटेत ओढावी, तर मालकांनी पाहिलं म्हणजे? असं करत करत घरीही थांबली. चिडचिड व्हायची, आम्ही सोसली.

शेवटी पॉलिशवाला आला, कारखान्यातलाच. आल्या आल्या म्हणाला, "चल इंजिन, गच्चीत जाऊ."

मालकच म्हणाले, "अहो, आमचे मिस्त्री ओढत नाहीत."

"हा? हा ओढत नाही?" पॉलिशवाल्याला हसू आवरेना.

भाऊजींनी हातातली पेन्सिल कानावर ठेवली. मग मालकांना म्हणाले, "साहेब, त्या दिवशी खोटं बोललो होतो. आज खरं आहे. नाही ओढत मी."

"मग आम्ही तुला म्हणायचं काय?" पॉलिशवाल्याने विचारलं.

"मिस्त्री म्हण. नाहीतर काही म्हणू नकोस, पॉलिश कर."

परवा डॉक्टरांनी छाती तपासली. म्हणाले, "काम चालू राहू दे, तोंडाला फडकं बांधा." भाऊजी तिथून थेट कारखान्यात. मी डबा घेऊन गेले, तर फळीवरून मान वर करेनात. डबा बाकावर ठेवला आणि देवाचे आभार मानत परत आले.