बट्ट्याचं गाडगं

आमचं थोरलं पोरगं विशी ओलांडून गेलं, त्याचं लग्न झालं, त्याला एक लेकरू झालं, तरी त्या लेकराला झबलं शिवायचं म्हटलं की ते बापापुढे जाऊन उभं राही. बाप ओसरीवर तंबाखू मळत बसलेला असायचा आणि हा दाराजवळच्या भिंतीला टेकून नखाने चुना खरवडत राहायचा. बोलायचा काही नाही. बापही मुद्दाम वर बघायचा नाही. भिंतीचा तेवढा भाग कायम उघडा पडलेला होता. दर दिवाळीला मी सारवून, रंगवून घ्यायची आणि संक्रांतीपर्यंत पुन्हा माती दिसायची.

सरहद्दीवरच्या आमच्या गोरेगावात तेव्हा घरोघर हेच होतं. पैशाची पिशवी एकाच्या कमरेला, बाकीच्यांनी मागायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मला वाटायचं. नवऱ्याच्या माघारी हे पोरगं कुणापुढे जाऊन उभं राहणार? शेवटी मीच विषय काढला.

सुगी संपली की आमची एक बैलजोडी आणि गाडी नुसती उभी असायची. व्यापाऱ्यांचा माल रिसोडला न्यायला गाड्या लागत. मी म्हटलं, गाडी पोराला द्या. भाडं त्याचं, आणि गाडीची दुरुस्ती, बायको-लेकराचं कापडचोपड, तेही त्याचंच. जेवायला सगळे एका चुलीवर.

नवऱ्याने मळलेली तंबाखू तोंडात टाकली. मग म्हणाला, "देतो. पण सालभरात त्यानं माझ्यापुढं हात पसरला, तर गाडी वापस. मग तू पुन्हा नाव काढू नको."

"न्हाई काढत," मी म्हटलं.

गावाला वाटलं आमच्या घरात भांडण झालं. शेजारणी पीठ मागायच्या निमित्ताने येऊन चूल मोजून गेल्या. एकीने तोंडावर विचारलं, "वेगळे निघाले व्हय?" मी म्हटलं, "चूल एकच हाये माय, पिशव्या दोन झाल्या." तिला ते वेगळं निघण्यापेक्षाही वाईट वाटलं असावं.

पोरगं कष्टाला मागं नव्हतं. पहाटे गाडी जुंपायचं, दुसऱ्या दिवशी परत यायचं. घोटाळा झाला तो नाण्यांचा. आमच्याकडे निजामाचं राज्य, रुपया हाली, त्यावर चारमिनार. रिसोड वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजाच्या मुलखात. तिथे कलदार रुपया, त्यावर राजाचं मुंडकं. कलदार भारी. एका कलदाराला आमच्याकडे एक हाली रुपया आणि वर अडीच आण्यांहून जास्त बट्टा मिळायचा. माझं माहेर रिसोडजवळचं, त्यामुळे मी परकर नेसत होते तेव्हापासून हे मला ठाऊक. पोरालाही ठाऊक होतं. पण भाडं कलदारात घेऊन आलेला हा बहाद्दर गावच्या दुकानात कलदार टाकायचा आणि हालीच्या भावाने सामान उचलून चालू लागायचा. बट्टा मागायची त्याला लाज वाटे. बापाने त्याला आयुष्यभर मागायचं कसं तेवढं शिकवलं होतं, आणि ते मागणं इतकं कडू होतं की स्वतःच्या हक्काचं मागतानाही त्याची जीभ उचलेना.

हे माझ्या लक्षात आलं, कारण मोड घ्यायला तो माझ्याकडेही यायचा. तुपाचे पैसे माझ्याकडे असत. तो कलदार द्यायचा, मी सोळा आणे हाली द्यायची, तो मुकाट्याने घेऊन जायचा. पहिल्या वेळी मला इतका राग आला की चिमटा फेकून मारावासा वाटला. पण बोलले नाही. दर खेपेला त्याचा बट्टा मी एका गाडग्यात टाकत गेले आणि गाडगं तुरीच्या कणगीमागे ठेवलं. म्हटलं, बघू कधी तोंड उघडतो.

साल संपत आलं तरी उघडलं नाही. आणि ऐन शिमग्याच्या तोंडावर गाडीच्या चाकाची लोखंडी धाव निखळली. लोहार रोख मागत होता, पोराच्या पिशवीत तेवढं नव्हतं, गाडी दोन दिवस नुसती उभी. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पोरगं ओसरीवर, त्याच भिंतीला टेकलेलं, नख चुन्यात. समोर नवरा तंबाखू मळत होता आणि मिशीत हसत होता. मी हातातली परात खाली आदळली.

"इकडं ये," मी पोराला म्हटलं. आत नेऊन गाडगं त्याच्यापुढे पालथं केलं.

"हे काय, माय?"

"तुझा बट्टा. एकट्या तुझ्या मायनं एवढा खाल्ला. दुकानदारानं किती खाल्ला असंल, तू पाह्य."

त्याचे कान लाल झाले. "दोन-अडीच आण्यासाठी त्यांच्यासंगं काहून तोंड वाजवायचं? आपल्या घराला शोभते काय?"

"आणि गाडी वापस देणं शोभते?"

तो खाली बसला आणि नाणी गोळा करू लागला. धावेपुरती भर झाली. नवरा कुरकुरला, "हे तर तू दिले." मी म्हटलं, "म्या दिले न्हाई, वापस केले. बराबर त्याचेच होते." गाडी राहिली. त्या दिवशी मला इतकं हलकं वाटलं की लोहारालाही चहा पाठवला.

मग पोराने दोन गाडगी केली, एक कलदारचं, एक हालीचं. गावात तो कलदार मोडेचना. आणि मोडलाच तर बट्टा हातात पडेपर्यंत दुकानातून हलेना. माझ्याकडूनही घ्यायचा, मेला. भिंतीचा चुना टिकू लागला.

निजामाचं संस्थान विलीन व्हायच्या आधीच्या वर्षी आमच्याकडे लूटमारीची गडबड सुरू झाली. पुष्कळ लोक सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेले, आम्हीही गेलो, माझ्या भावाच्या गावी. भावाने गोठ्याचा अर्धा भाग सारवून दिला आणि म्हणाला, जेवायला आमच्यात. नवऱ्याचं तोंड उतरलं. सासुरवाडीत पडून राहून बायकोच्या भावाचं खायचं, यापेक्षा त्याला मरण बरं वाटलं असतं. कमरेला पिशवी होती, भरलेली होती, पण सगळी हाली. तिथे कुणी ती धड हातात घेईना.

पोराने कलदारचं गाडगं आणलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्याने ज्वारी, मीठ, रॉकेल आणलं आणि मी गोठ्यात तीन दगड मांडले. मामाने रागवायचं नाटक केलं. पोरगं तिथेही गाडी भाड्याने हाकू लागलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळी नवरा गोठ्याच्या खांबाला टेकून उभा होता. चार दिवस तंबाखू नव्हती. बोलायचा काही नाही, नुसता नखाने खांबाची साल काढत होता. माझे हात भाकरीवर थांबले. मला वाटलं, आता हे पोरगं वर बघणार नाही. मुद्दाम बघणार नाही. बापाचंच पोर ते.

त्याने गाडी जुंपायची सोडली, गाडग्यातून पैसे काढले आणि बापाच्या हातावर ठेवले. "बाबा, बैलाला सरकी आणायची हाये. मला पारख न्हाई, तुमीच घ्या."

संध्याकाळी नवऱ्याने सरकीचं पोतं उतरवलं आणि कुणी न विचारता भाव, तोलाई, सगळं पोराला सांगितलं. उरलेली मोड त्याच्यापुढे धरली. पोराने न मोजता गाडग्यात टाकली.

नवरा माझ्याजवळ येऊन बसला तेव्हा त्याच्या तोंडाला तंबाखूचा वास येत होता. मी पोराकडे पाहिलं. त्यालाही आला होता. तो बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.