वरची रेघ

मी दहावी पास आहे. सासरी हे मला इतक्या वेळा ऐकवलं गेलंय की एव्हाना त्याचं काही वाटायला नको होतं. वाटतं. म्हणूनच कसबा पेठेतल्या आमच्या वाचनालयात चिठ्ठी दिसली, ‘अंध विद्यार्थिनीचे बी.ए.चे पेपर लिहायला लेखनिक हवी, शिक्षण बारावीच्या वर नको,’ तेव्हा मी तिथल्या तिथे नाव दिलं. म्हटलं, चला, माझं न शिकणं कुणाच्या तरी कामी आलं!

मुलगी परभणीकडची, हॉस्टेलवर राहणारी, शेवटच्या वर्षाला. तिने सांगायचं आणि मी लिहायचं, पदरचा एक शब्दही घालायचा नाही. माझं अक्षर सुरेख. शाळेत बाई माझी वही वर्गभर फिरवायच्या. इतिहासाच्या पेपरलाही मी तशीच लिहीत बसले, एकेका शब्दावर नीट रेघ ओढत. दोन तास झाल्यावर ती हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही वरची रेघ मारताय का? पेन मागे जाऊन परत ओढल्याचा आवाज येतोय. नका मारू, वेळ जातोय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटचे दोन प्रश्न राहिले ते राहिलेच. बाकी सगळे विषय सुटले, इतिहासात ती थोडक्यात नापास झाली. माझ्यामुळे.

निकाल तिनेच फोनवर सांगितला. रडले मी, ती नाही. "पुन्हा बसतेय," म्हणाली, "याल ना?" दुसरी असती तर तिने मला दारातही उभं केलं नसतं. त्या दिवसापासून स्वयंपाक उरकला की मी रेडिओ लावायचे आणि कानावर पडेल ते बिनरेघेचं लिहायचे. हात ऐकेना. इतक्या वर्षांची खोड ती! तरी ऐकायला लावलं.

आणि नेमका पेपरच्याच दिवशी पुतण्याचा साखरपुडा ठरला, वाघोलीच्या लॉनवर, सकाळी अकराला.

"दुसरं कुणी लिहील की," जाऊबाई म्हणाल्या. "पुण्यात दहावी पास बायकांचा काय दुष्काळ पडलाय?"

"नाही पडला. पण तिने मला विचारलंय."

"घरचं कार्य सोडून समाजसेवा!" हे म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

लोक आधी काय कमी म्हणत होते? हा पेपर सुटला नाही तर पोरीची बी.एड.ची जागा जाणार होती, आणि साखरपुडा काय, माझ्यावाचून अडणार नव्हता. मी तसं तोंडावर सांगितलं. दोन दिवस घरात कुणी माझ्याशी बोललं नाही. बरं झालं, सराव झाला.

त्या सकाळी हे नवा कुर्ता घालून वाघोलीला गेले आणि मी साध्या सुती साडीत कॉलेजला. काय ते अक्षर! उघडंबोडकं, ओळीवरून घसरणारं. बाईंनी पाहिलं असतं तर हातावर पट्टी बसली असती. पण सगळे प्रश्न झाले, वर दहा मिनिटं उरली. मी उत्तरं तिला वाचून दाखवली आणि तिने दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. बाहेर आल्यावर तिने माझा हात घट्ट धरला. "सुटला, काकू. नक्की सुटला." मग म्हणाली, "हॉस्टेलवर अजून तिघी आहेत. त्यांना कुणी मिळत नाहीये." मी म्हटलं, माझं नाव देऊन टाक.

संध्याकाळी हे आले ते पेढ्यांचा बॉक्स घेऊन. "सगळे विचारत होते. मी सांगितलं, वहिनींनासुद्धा, की ऐनवेळी ताप भरला म्हणून तू घरीच आहेस."

माझं डोकंच फिरलं. "ताप? मला? लावा फोन. आत्ताच्या आत्ता!"

पाच मिनिटं कुरकुर केली, पण लावला. "वहिनी, तिला ताप नव्हता. ती तिकडेच गेली होती, पेपर लिहायला."

पलीकडून जाऊबाई काहीतरी बोलायला लागल्या. मी ह्यांच्या हातून फोन घेतला आणि सांगितलं, की आता चार मुली आहेत, आणि यापुढे परीक्षेच्या दिवसांत कार्य काढलंत तर मला धरू नका.