पहिल्या नंबरचा सौदा

आखातात, वादी अदाईतल्या खडीच्या मैदानावर आम्ही मराठी मंडळी दर हिवाळ्यात फुटबॉलची स्पर्धा भरवायचो. चार संघ, चार कप्तान. गावाचे नि कंपन्यांचे गट पडू नयेत म्हणून सगळे खेळाडू एकत्र करायचे आणि कप्तानांनी चिठ्ठीत निघालेल्या नंबराप्रमाणे एकेक उचलायचा. नव्वदीच्या मध्यावर एका वर्षी माझ्या चिठ्ठीत पहिला नंबर निघाला. तोवर कप्तान म्हणून मी एकदाही कप जिंकलो नव्हतो आणि त्यावरून सगळे माझी यथेच्छ खेचायचे. त्या वर्षी कप मला हवाच होता.

पहिला कोण उचलायचा, हे उघड होतं. आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा माझा जिगरी दोस्त. मूळचा वसईचा ख्रिस्ती, एका मोठ्या हॉटेलात गोड पदार्थांचा शेफ, आणि पायात बॉल आला की कुणाच्या बापाला न ऐकणारा. त्याने तर गृहीतच धरलं होतं. माझ्याकडे बघून भुवया उडवत होता.

पण मी पडलो खरेदी खात्यातला. माल नुसता चांगला असून काय उपयोग, वेळेवर हातात पडायला नको? आमचे सामने तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारी, आणि त्याच्या हॉटेलात बुफेही शुक्रवारी. बिचाऱ्याला सुट्टी कुठली मिळणार! आदल्या वर्षी त्याला पहिला उचलणारा कप्तान शुक्रवारभर रस्त्याकडे डोळे लावून बसायचा. तरी लोकांचा सोस काही सुटत नव्हता.

तिसरा नंबर इब्रा गावच्या एका दुकानदाराला लागला होता. मी त्याला बाजूला घेतलं. माझा पहिला नंबर तू घे, तुझा तिसरा मला दे, वर दुसऱ्या फेरीतला तुझा गडीही मीच निवडणार. बदल्यात शेवटच्या उरल्यासुरल्यांतला एक जादा तुला. त्याने 'खलास', म्हणजे ठरलं, म्हणून टाळी दिली आणि माझ्या दोस्ताला उचललं. मी बरका गावचा गोलकीपर घेतला, आणि दुसऱ्या फेरीत एकाऐवजी दोन दणकट बॅक. मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटत होतो.

दोस्त तिथूनच निघून गेला. दर शुक्रवारी रात्री तो आमच्याकडे कॅरॅमल कस्टर्ड घेऊन यायचा, ते बंद झालं. जिन्यात भेटला तर बायकोला 'काय वहिनी' म्हणायचा, मला ओळखही दाखवायचा नाही. बायको म्हणाली, माणूस देऊन गोलकीपर आणलात ना, मग आता त्यालाच कस्टर्ड करायला सांगा. खोटं कशाला बोलू, मला फार लागलं ते. पण आम्ही जिंकत होतो. इब्रावाल्याचा संघ माझ्या दोस्ताविना रडतखडत फायनलला पोचला, तेव्हा कप आमचाच, असं मी सगळ्यांना सांगून मोकळा झालो होतो.

फायनलच्या सकाळी मैदानावर आलो, तर समोर दोस्त बूट बांधत बसलेला. त्या दिवशी तो जो सुटला, तो माझ्या दणकट बॅकना शेवटपर्यंत सापडला नाही. आम्ही सपाटून हरलो.

रात्री दारावर थाप पडली. हातात कस्टर्ड घेऊन तो उभा होता, चेहरा खुललेला. सुट्टी कशी मिळाली, असं बायकोने विचारलं. नाताळच्या दिवशीची दुसऱ्याची ड्यूटी त्याने स्वतःच्या अंगावर घेतली होती. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तू मला पहिला उचलला असतास ना, तर ही सुट्टी मी मागितलीच नसती."

पुढच्या वर्षी माझ्या चिठ्ठीत चौथा नंबर निघाला. मी दुसऱ्या फेरीतला गडी देऊन पहिला नंबर मिळवला आणि दोस्ताचं नाव घेतलं. सगळे खो खो हसले, तोही हसला. त्या अख्ख्या हिवाळ्यात तो एकाही सामन्याला आला नाही. कस्टर्ड मात्र दर शुक्रवारी येत राहिलं.