तेवीस सेकंदांचा खेळाडू

झिगी पिएत्रोवियाक नऊ वर्षं पैसे घेऊन बास्केटबॉल खेळला आणि या नऊ वर्षांत घरच्या मैदानावरसुद्धा त्याच्या वाट्याला शिव्याच आल्या. तुम्ही म्हणाल, खेळ वाईट असेल. छे! खेळ इतका चांगला होता की लोकांना तो बघवत नसे.

त्याचं काम एवढंच. सरोवराकाठच्या आमच्या मार्लो बे गावाचा संघ, म्हणजे मोल्डर्स, चार गुणांनी पुढे असला आणि शेवटची पाच-सहा मिनिटं उरली, की कोच ऑटो हाइमबाख त्याला आत पाठवायचा. आत जायचं, चेंडू घ्यायचा आणि कुणाला म्हणून द्यायचा नाही. बास्केट टाकायच्या भानगडीतच पडायचं नाही. कमरेत वाकून, चेंडू जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच ठेवत, कधी उजव्या हातानं, कधी डाव्या, कधी पाठीमागून टप्पे मारत तो समोरच्या पाच धिप्पाड गड्यांना असा गरगर फिरवायचा की त्यांच्या नाकी नऊ यायचे. तेव्हा नियमच तसा होता. चेंडू तुमच्या हातात आहे तोवर तुमचा, हवा तेवढा वेळ ठेवा. घड्याळ आपलं चालत राहायचं, सामना संपायचा, मोल्डर्स जिंकायचे.

आणि लोक ओरडत असायचे, "अरे टाक की बास्केट, भेकडा! तिकिटाचे पैसे परत दे!" पेनी फेकायचे. एकदा तर अर्धवट खाल्लेला सॉसेजचा पाव, मोहरीसकट, त्याच्या मानेवर येऊन बसला. हेच लोक सोमवारी गावातल्या टबांच्या कारखान्याच्या फाटकात एकमेकांच्या पाठीवर थापा मारत म्हणायचे, "काय जिंकलो राव आपण!" आपण म्हणे! मला तर अजून संताप येतो.

त्याचा बाप वालेंती त्याच कारखान्यात लोखंड ओतायचे साचे भरायचा. शुक्रवारी बारमध्ये मासे खायला बसला की तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचा, "माझा पोरगा खेळतो म्हणतात. मी त्याला खेळताना काही पाहिलं नाही बुवा. पळताना पाहिलंय."

झिगी हसायचा. दुसरं करणार काय? पण त्याची बोटं पाहिली असतीत तर तुम्हाला हसू आलं नसतं. चेंडू मिळत नाही म्हटल्यावर समोरचे त्याच्या हातावरच मारायचे. उजव्या हाताची तीन, डाव्याची दोन बोटं मोडली, बांधली, पुन्हा मोडली. पट्टी लावून तो पुढच्या सामन्याला हजर. फाऊलची मोकळी फेक मिळाली की चेंडू दोन गुडघ्यांमधून वर झुलवून टाकायचा, आजीबाईसारखा, आणि तेवढा मात्र दहांत आठदा आत जायचा. पळता पळता बास्केट टाकायची म्हणाल, तर त्या वाकड्या बोटांना ते कधीच जमणार नव्हतं. संघासाठीच ती वाकडी झाली होती, हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

चोपन्न सालच्या वसंतात त्याची बायको हालिना सकाळी पेपर वाचत होती. झिगी राय धान्याच्या पावाला लोणी लावत होता.

"झिगी, हे वाचलंस का? लीगनं नवा नियम केलाय."

"कसला?"

"चेंडू हाती आल्यापासून चोवीस सेकंदांत बास्केटकडे टाकायचाच. नाही टाकला तर भोंगा वाजणार आणि चेंडू दुसऱ्यांना." ती वाचता वाचता थांबली. "म्हणजे धरून ठेवायचा नाहीच."

झिगीनं पाव खाली ठेवला. पेपर घेतला, तीनदा वाचला. लिहिणाऱ्यानं वर मखलाशी केली होती की आता खेळ बघण्यासारखा होईल. कुणाच्या नावाचा उल्लेख नव्हता, पण वाचताना झिगीचे कान तापले. नऊ वर्षं घासून घासून जी विद्या मिळवली, ती कुणीतरी एका दुपारी टेबलाभोवती बसून रद्द केली होती. आणि संघात जागा फक्त दहा.

"शरदात निवड आहे," तो म्हणाला. "तोवर बास्केट टाकायला शिकतो."

उन्हाळाभर तो दिवसा कारखान्यात वाळू उपसायचा आणि संध्याकाळी चर्चच्या शाळेमागच्या बास्केटच्या कड्यात चेंडू टाकत राहायचा. हालिना खाली उभी राहून चेंडू परत द्यायची आणि मोजायची. चाळीसांत नऊ. चाळीसांत अकरा. एका शनिवारी चाळीसांत सोळा गेले तेव्हा तिनं टाळ्या वाजवल्या, आणि सोमवारी पुन्हा आठ.

"बोटं बघ कशी सुजलीत. पुरे कर आता."

"सुजू दे."

"अरे, पण जात नाहीये ना तो!"

"तो डॉनेली हवेत उडी मारून एका हातानं टाकतो," झिगी चिडून म्हणाला. "हवेत! गेल्या वर्षी कॉलेजातून आलाय. साधं चेंडूकडे न बघता टप्पा मारता येत नाही त्याला. पण त्याला सगळे म्हणतात, वा वा!"

त्यानं रागानं चेंडू भिंतीवर आपटला. हालिनानं तो आणून पुन्हा त्याच्या हातात दिला.

ऑगस्टच्या शेवटी एकदा जेवता जेवता त्याचा हात थांबला.

"हालिना, नियम काय म्हणतो? चोवीस सेकंदांत टाका. बरोबर?"

"बरोबर."

"आणि सामना संपायलाच तेवीस सेकंद उरले असतील तर?"

तिनं चमचा खाली ठेवला.

"तर भोंगा वाजणारच नाही! आधी सामनाच संपेल! तेवढा वेळ चेंडू धरता येतो की नाही? एका गुणानं पुढे असू, तेवीस सेकंद उरले असतील, तर माझ्याइतका भरवशाचा माणूस अख्ख्या लीगमध्ये आहे का? सांग!"

"नाही," ती म्हणाली. आणि ते खरंच होतं.

सप्टेंबरात निवडीच्या शिबिरात त्यानं ऑटोला गाठलं. ऑटो पन्नाशीचा, पोटाचा त्रास असलेला, मनानं चांगला माणूस. सगळं ऐकून घेतलं त्यानं.

"फक्त तेवीस सेकंदांसाठी एक जागा अडवू मी?"

"एका गुणाच्या फरकानं किती सामने संपले आपले गेल्या वर्षी, कोच? मोजा तुम्हीच."

ऑटोनं डोकं खाजवलं. मग शिट्टी फुंकून डॉनेलीसकट पाच जण उभे केले, हातात घड्याळ घेतलं आणि म्हणाला, "दाखव."

झिगीनं दाखवलं. पहिल्यांदा तेवीस सेकंद, चेंडूला कुणाचं बोटसुद्धा लागलं नाही. दुसऱ्यांदा डॉनेली त्याच्या अंगावर झेपावला आणि लाकडी जमिनीवर पोटावर घसरत थेट बाकाखाली गेला. तिसऱ्यांदा दोघांची टाळकी एकमेकांवर आपटली आणि झिगी त्यांच्या मधून, खाली वाकून, निघूनसुद्धा गेला होता. वर गॅलरीत संघाचे मालक श्लिंडर बसले होते. त्यांचा न्हाणीच्या टबांचा कारखाना, त्यांचाच संघ. ते मांडीवर थापा मारत डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"अहाहा! पुन्हा एकदा! ऑटो, पुन्हा करायला लाव!"

झिगीनं पुन्हा केलं. घरी जाताना त्यानं हालिनासाठी खसखशीचा केक घेतला. मालक खूश म्हणजे जागा पक्की, नाही का?

दुसऱ्या दिवशी त्याला ऑफिसात बोलावलं. श्लिंडर खुर्चीत होते, ऑटो खिडकीशी बाहेर बघत उभा.

"झिगी, दहा जण ठरले," ऑटो खिडकीकडे बघतच म्हणाला. "तू नाहीस त्यात."

"पण काल तर..."

"काल तू फार सुंदर केलंस. पण उरलेली सत्तेचाळीस मिनिटं मी तुझं काय करू, सांग."

"अरे, ते सोड!" श्लिंडर पुढे झुकले. "माझ्याकडे तुझ्यासाठी नामी काम आहे. मध्यंतरात दहा मिनिटं लोक नुसते बसून असतात. कारखान्यातले पाच जण तुझ्यामागे सोडायचे. जो चेंडू काढेल त्याला बक्षीस. तुला अंगभर पट्ट्यापट्ट्यांचा पोहायचा पोशाख आणि डोक्याला न्हाणीची टोपी. लाऊडस्पीकरवर आपली जाहिरात: श्लिंडरचा टब आणि आमचा झिगी, धरलेलं सोडत नाहीत! कसं?"

जो खेळ सामने जिंकून देत होता त्याला नऊ वर्षं शिव्या, आणि आता त्यातून काही मिळायचं नाही तर टाळ्या! टेबल उलथून टाकावं असं वाटलं त्याला.

"जर्सी घालतो ना मी," तो शेवटी म्हणाला. "चौदा नंबरची. माझीच."

"जर्सी संघाची रे," श्लिंडर म्हणाले.

घरी हालिनानं विचारलं, "नाही म्हणालास ना? झिगी? नाही म्हणालास ना तू?"

तो बूट काढत बसला होता. "दहा मिनिटं चेंडू मिळतो, हालिना," तो म्हणाला. "पूर्ण दहा मिनिटं. भोंगा नाही."

हालिना स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी आपटत राहिली.

लोक मात्र खूश झाले. न्हाणीची टोपी घालून झिगी आला की हशा, शिट्ट्या, वरच्या रांगेतल्या बँडचं वाजवणं. साचे भरणारे पाच-पाच जण दर शनिवारी त्याच्यामागे धावून धापा टाकत खाली बसायचे. "काय माणूस आहे!" म्हणायचे लोक. हीच माणसं! वालेंतीसुद्धा बारमध्ये सांगू लागला, "माझा पोरगा बरं का तो!" झिगीला बापाचं ते बोलणं शिव्यांहून जास्त लागायचं.

जानेवारीत पूर्वेकडचा एक मातब्बर संघ आला. बाहेर सरोवरावरून हाडं गोठवणारा वारा, आत जागा नाही एवढी गर्दी. मध्यंतर झालं, झिगीनं आपले दहा मिनिटांचे खेळ केले. कपडे बदलायची खोली एकच, आणि सामना चालू असताना तिथं संघाबाहेरच्या माणसाला मनाई. म्हणून तो नेहमीसारखा पोशाखावर ओव्हरकोट चढवून संघाच्या बाकामागे बसून राहिला.

शेवटी मोल्डर्स एका गुणानं पुढे. एकोणीस सेकंद उरलेले, चेंडू आपला. ऑटोनं टाइम-आउट घेतला. सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. घाम पुसत, तोंडानं काहीतरी पुटपुटत ऑटो वळला आणि मागे न बघताच, इतकी वर्षं म्हणत आला होता तसं म्हणाला, "झिगी, चल, जा आत."

झिगी उठला. ओव्हरकोट गळून पडला, टोपी त्यानं बाकावर फेकली. विचार करायला वेळच कुठे होता? तो आपोआप नोंदणीच्या टेबलाकडे निघाला, वाकडी बोटं उघडमीट करत, एकोणीस सेकंद कसे काढायचे, डॉनेलीला कुठं उभं करायचं, सगळं डोक्यात मांडत. नोंदी करणाऱ्या म्हाताऱ्यानं सवयीनं पेन्सिल उचलली आणि कागदावरून खाली नेली. एकदा, पुन्हा एकदा.

"झिगी," तो हळूच म्हणाला, "तुझं नाव नाहीये रे यात."

तेवढ्यात लोकांना तो पट्ट्यांचा पोशाख दिसला. अख्खं सभागृह खदखदून हसलं. त्यांना वाटलं, हाही खेळच. बँडवाल्यांनी त्याची मध्यंतरातली धून सुरू केली. ऑटोनं मान वर केली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"बस, झिगी," तो म्हणाला. "अरे, बस खाली."

शिट्टी झाली. चेंडू डॉनेलीकडे गेला. त्याला फक्त तो हातात ठेवायचा होता, दुसरं काहीही नाही. पण दोघे जण अंगावर आले तसा तो बिथरला, आणि जे येत होतं तेच त्यानं केलं: हवेत उडी मारून बास्केटकडे टाकला. चेंडू कड्यावर आपटून बाहेर. समोरच्यांनी पळवला, चार सेकंद राहिले असताना आत घातला. मोल्डर्स एका गुणानं हरले. झिगी टेबलापाशी उभा राहून सगळं बघत होता. चेंडू त्याच्यापासून दोन हातांवरून गेला होता.

माणसं उठून चालू लागल्यावर ऑटो त्याच्याजवळ आला.

"चुकलं माझं, झिगी."

"कुठलं?" झिगी म्हणाला. "आत्ता हाक मारलीत ते, की सप्टेंबरात काढलंत ते?"

ऑटो संघामागे खोलीत गेला आणि दार बंद झालं. झिगीचे कपडे आतच होते. संघाची आंघोळ उरकेपर्यंत तो पट्ट्यांच्या पोशाखात बाहेर उभा राहिला, आणि जाणारे येणारे त्याला म्हणत होते, "आज काय मजा आणलीस रे, झिगी!"