मूक निदर्शन आणि बटाटेवडे

माझा धाकटा भाऊ सायकलवरून पडला नव्हता. त्याला नदीकाठच्या बागेत, एका बाकापाशी मारलं होतं. 'तुमच्या देशात चालते व्हा' म्हणत काही पोरांनी त्याला लाथांनी तुडवलं. तो माझ्याकडेच राहायचा, त्या संध्याकाळी दार मीच उघडलं, म्हणून खरं काय ते मला कळलं. ऑफिसात त्याने सांगितलं, सायकलवरून पडलो. नागपूरला आईलाही व्हिडिओ कॉलवर तेच. "सांभाळून काहून नाही चालवत रे तू?" आई रडवेली होऊन विचारत होती, आणि हा सुजलेल्या जबड्याने हसत होता. माझा जीव तुटत होता.

त्यानंतर आमच्या या छोट्याशा आयरिश गावाचे दोन भाग झाले. कुणी पाटी लावली नाही की कुंपण घातलं नाही. पण बाग त्यांची झाली, आणि दुकानांच्या उजेडातला रस्ता तेवढा आमचा राहिला. भारतीय माणसं कामावरून घोळक्याने परतू लागली, बागेला वळसा घालून. मला याची भयंकर चीड यायची. कर आपण भरायचे आणि बाकावर बसायचं कुणी?

शेवटी आमच्या मराठी मंडळाने ठरवलं, रविवारी दुपारी त्याच बागेत मूक निदर्शन करायचं. घोषणा नाहीत, भाषणं नाहीत. फलक धरून उभं राहायचं आणि शेवटी भावाने एक वाक्य बोलायचं. तो चक्क हो म्हणाला. आठवडाभर आरशासमोर इंग्रजीत तेवढंच घोकत होता, 'मला इथे मारलं.'

"ताई, हे एकदा सगळ्यांसमोर तोंडातून निघालं ना, की मी इथे राहू शकेन," तो म्हणाला. "नाही निघालं तर परत जाईन."

मग व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारलं, खायचं काय? ॲथलोनहून, डंडॉकहून, इतक्या लांबच्या गावांहून लोक येणार, त्यांना उपाशी कसं ठेवायचं? मी लिहिलं, निषेध आहे की डोहाळजेवण? त्यावर हसरे चेहरे आले आणि वड्यांची जबाबदारी वाटली गेली. आपल्याकडे तेराव्यालाही पंगत बसते, तिथे माझं कोण ऐकणार?

रविवारी खरंच खूप माणसं जमली. सगळी गप्प उभी राहिली, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तेवढ्यात पाऊस आला. मंडळाने गणपतीचा मांडव आणला होता, त्याखाली वड्यांचे ट्रे होते. सगळे तिकडे पळाले. मांडवातून वड्यांवर ओघळ यायला लागले तसे कुणीतरी ट्रे फलकांनीच झाकले. वास पसरला आणि फिरायला आलेली गावकरी मंडळी गोळा झाली. रांग लागली. इथे 'छान'लाही ग्रँड म्हणतात आणि 'ठीक'लाही; "ग्रँड, ग्रँड," म्हणत लोक खात होते, फोटो काढत होते, हा कुठला सण म्हणून विचारत होते. आमची माणसं खुशीत चटणी वाढत होती. मला रडू फुटायचंच बाकी होतं. भावाच्याही हातात कुणीतरी वडे वाढायचा चिमटा दिला होता.

रांगेत एक आयरिश आजीबाई होत्या, कुत्र्याला घेऊन आलेल्या. त्यांनी प्लेट घेतली, मान वर केली आणि माझ्या भावाच्या डोळ्याखाली टाक्यांच्या खुणा पाहिल्या.

"अरे देवा! बाळा, हे काय झालं रे तुला?"

त्या दिवशी बागेत हे विचारणारं तेवढं एकच माणूस भेटलं. बोल, मी मनात म्हणत होते, आता तरी बोल.

त्याने एकदा त्या बाकाकडे पाहिलं. मग त्याने त्यांच्या प्लेटमध्ये आणखी एक वडा ठेवला.

"सायकलवरून पडलो," तो म्हणाला. "आता ग्रँड आहे."

पाऊस थांबल्यावर मंडळाचे अध्यक्ष त्याला शोधत आले. चल, तुझं वाक्य राहिलंय, म्हणाले.

"झालं माझं बोलून," तो म्हणाला आणि रिकामे ट्रे आवरू लागला.

महिन्याभरात तो नागपूरला परत गेला. विमानतळावर त्याला मिठी मारून मी खूप रडले. तिथे त्याला नोकरी मिळाली आहे, ऑफिस घराजवळ आहे, सायकलने सहज जाता येईल इतकं. पण आई त्याला सायकलला हातसुद्धा लावू देत नाही.