भावोजींचा पालथा हात

आमच्या ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. त्यामुळे तिच्याकडे येणारा प्रत्येक जण दारात पोचतो तो धापा टाकतच. दार भावोजी उघडतात. "या, बसा" वगैरे नंतर. आधी ते आपला पालथा हात तुमच्या कोपराच्या वर, दंडाला टेकवतात, डोळे बारीक करून चार-पाच सेकंद उभे राहतात आणि मग निकाल देतात. "उत्तम." किंवा "चालेल." किंवा माझ्या बाबतीत, एक वेळ सोडली तर गेली वीस वर्षं न चुकता, "मेहुणबाई, निदान बसथांब्यापर्यंत तरी चालत जात जा."

"भावोजी, लोक आल्यागेल्याला पाणी विचारतात."

"पाणी देतो की. आधी बघू दे, रक्त कुठपर्यंत पोचलंय ते."

भावोजी डॉक्टर नाहीत. हे मी आधीच सांगून टाकते, कारण ते स्वतः होऊन सांगत नाहीत. हृदयरोगाच्या दवाखान्यात ट्रेडमिलची खोली असते ना, तिथे ते अठ्ठावीस वर्षं तंत्रज्ञ आहेत. माणसाच्या छातीवर दहा चकत्या चिकटवायच्या, त्याला सरकत्या पट्ट्यावर चालवायचं, दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवायचा आणि हृदयाची रेघ कशी पळते ते बघत राहायचं. शेजारी डॉक्टर असतातच. पण त्या पट्ट्यावर चढलेल्या एकाही माणसाला भावोजींनी पालथा हात लावल्याशिवाय उतरू दिलेलं नाही. दवाखान्यात सगळे त्यांना 'पारा' म्हणतात. एक कारण हा हात. दुसरं कारण त्यांच्या तोंडावर कोणी सांगत नाही, कारण ते ऐकून तो लगेच चढतो.

त्यांचं शास्त्र त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की मी झोपेतही म्हणून दाखवीन. पट्टा सुरू झाला की मांड्या रक्त मागतात. हृदय काय करतं, कातडीचा वाटा काढून मांड्यांना देतं. म्हणून कातडी आधी गार पडते. मग शरीर आतून तापतं, ती उष्णता बाहेर टाकायला रक्त पुन्हा कातडीकडे येतं, दंड गरम लागतो, घाम सुटतो. तयार गड्याचं हे सगळं चटचट होतं. ज्याचं हृदय कुरकुरत असतं त्याचा दंड गार पडतो तो गारच राहतो. "रेघ नंतर सांगते," भावोजी म्हणतात, "कातडी आधी कुजबुजते."

आणि दुसरं त्यांचं वेड म्हणजे शून्य. सकाळी पहिला माणूस यायच्या आत ते प्रत्येक यंत्राचं शून्य तपासतात. पट्टा रिकामा चालवून बघतील, रक्तदाबाचा काटा बघतील, रेघ सरळ येते का बघतील. शून्य बघितल्याशिवाय आकडा बोलू नये, हे त्यांचं ब्रीदवाक्य. माझ्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर काही ठेवायच्या आधी ते त्याला टिचकी मारतात, वाकून बघतात आणि म्हणतात, "हा चार ग्रॅम पुढे आहे." असला माणूस पाहुणा म्हणून सोसवत नाही, पण काटा मी दुरुस्त करून आणला.

गेल्या वर्षी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांच्यामागून एक कॅमेरा आला. हा कॅमेरा उष्णता बघतो. पडद्यावर गरम भाग पिवळा दिसतो, मग हिरवा, निळा, आणि सगळ्यात गार तो जांभळा. चालताना कातडीचं तापमान कसं बदलतं आणि त्यावरून हृदयाचा दम कळतो का, याचा बाईंना अभ्यास करायचा होता.

त्या दिवशी भावोजी घरी आले ते पाय आपटतच. "अठ्ठावीस वर्षं मी बोंबलून सांगतोय ते कोणी ऐकलं नाही. आता कॅमेऱ्याने सांगितलं की ऐकणार!"

पण डॉक्टरीणबाई हुशार. त्या म्हणाल्या, "काका, मग तुमचाही एक रकाना ठेवू या. सहाव्या मिनिटाला तुम्ही हात लावा आणि पडद्याकडे पाठ करून तुमचं मत लिहा." झालं, पारा एकदम खाली आला. पहिल्या चाळीस माणसांत छत्तीस वेळा हात आणि कॅमेरा यांचं जुळलं. ते सांगायला भावोजी रविवारी मुद्दाम चालत माझ्याकडे आले आणि येताना माझ्या शेजारणीलाही सांगून आले.

पुढे मात्र काहीतरी बिनसलं. पन्नासाव्या माणसानंतर त्यांच्या रकान्यात गरम, गरम, गरम असंच यायला लागलं. "लोक हल्ली तब्येतीला जपायला लागलेत," असं ते सांगत. एकदा मी ताईकडे गेले, नेहमीसारखी धापा टाकत. भावोजींनी दंडाला हात लावला आणि म्हणाले, "उत्तम!" आता मी अशी बाई आहे की दिवसभर खुर्चीत बसून लोकांच्या अर्जांवर शिक्के मारते आणि हात पुरला नाही तर खुर्चीच सरकवते. तरी मला ते खरं वाटलं. आठवडाभर मी आरशासमोर जरा ताठ उभी राहत होते.

कॅमेरा मात्र त्यांतल्या बहुतेकांना 'गरम' म्हणत नव्हता. शेवटी डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "काका, हा रकाना इथेच थांबवू या का?"

भावोजींना ते फार लागलं. निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. आयुष्यात त्यांनी मोठेपणा म्हणून मिरवला तो एवढा एक हात, आणि तोच आता मोडीत काढायचा? दोन दिवस दारात आलेल्या कोणाच्याही दंडाला त्यांनी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे फोन. "तू दवाखान्यात ये. तुझा दंड मला वीस वर्षं पाठ आहे. तुझ्यावर कॅमेरा जिंकला, तर मी उद्यापासून हात खिशात ठेवीन आणि कागदपत्रांच्या खोलीत बदली मागून घेईन."

आवाजात थट्टा नव्हती. मी रजा टाकली.

तर अशी मी पट्ट्यावर चढले. अंगावर चकत्या, पायात मुलीचे बूट, समोर पडदा. तिसऱ्या मिनिटाला मला माझ्या सगळ्या पापांची आठवण झाली. सहाव्या मिनिटाला भावोजी पडद्याकडे पाठ करून आले, पालथा हात दंडाला टेकवला, डोळे मिटले आणि जरा मोठ्यानेच म्हणाले, "गरम! लिहा मॅडम."

मी पडद्याकडे बघत होते. माझा दंड हिरवट निळा होता, म्हणजे मी हरले होते. पण त्याच्यावर एक पंजा होता. जांभळा, बोटांकडे जवळजवळ काळा.

"भावोजी," मी धापा टाकत विचारलं, "हा हात कुणाचा?"

बाईंनी पट्टा थांबवला. भावोजी वळले. त्यांनी हात काढला, पंजा पडद्यावरून गेला. पुन्हा लावला, पंजा पुन्हा आला. असं त्यांनी तीनदा केलं. त्यांच्यासारख्या माणसाला समजावून सांगायची गरज नव्हती. स्वतःचाच हात बर्फासारखा असेल, तर जग सगळं गरमच लागणार.

"शून्य," ते पुटपुटले. "शून्य बघायचं राहिलं."

डॉक्टरीणबाई घाईने म्हणाल्या की गार हातांची शंभर कारणं असतात, घाबरायचं काही नाही. मग त्यांनी विचारलं, "काका, जिना चढताना काय होतं?"

भावोजी छताकडे बघायला लागले. "दुसऱ्या मजल्यावर जरा थांबतो. तिथे सोसायटीचा सूचनाफलक आहे."

"किती दिवस वाचताय?"

"तीन महिने."

फलकावर गेले वर्षभर पाण्याच्या टाकीची एकच सूचना आहे. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला की हसू आणि रडू एकदमच आलं.

बाईंनी त्यांना तिथल्या तिथे पट्ट्यावर चढवलं. मी त्यांचा चष्मा धरून उभी होते. चकत्या लावतानाही गृहस्थ शिकवत होते, "मॅडम, ही जरा खाली." चौथ्या मिनिटाला हृदयाची रेघ नको तशी खाली बसत चालली, पडद्यावरचे हात जांभळेच राहिले, आणि भावोजींनी स्वतःच हात वर करून सांगितलं, "थांबवा." आयुष्यभर हा शब्द त्यांनी दुसऱ्यांसाठी उच्चारला होता.

हृदयाच्या एका मोठ्या नळीत अडथळा निघाला. दोन दिवसांनी तिथे जाळी, म्हणजे स्टेंट, बसवली. मी आणि ताई बाहेर बाकावर बसलो होतो. ताईने पिशवीतून राखाडी लोकरीचे हातमोजे काढले, एक पुरा, एक अर्धा.

"मला माहीत होतं गं," ती म्हणाली. "रोज हातात हात आला की कळायचं, गार पडलाय. मी म्हटलं, वय झालं. म्हणून हे विणत बसले."

मी तरी काय वेगळं केलं होतं? 'उत्तम' ऐकून आठवडाभर मिरवले होते. मी अर्धा मोजा हातात घेतला आणि निसटलेले टाके सुईवर घेत बसले.

भावोजी बरे झाले. दोन महिने रोज ठरवून दिलेलं चालले, मग अर्धा दिवस कामावर जायला लागले. डॉक्टरीणबाईंनी रकाना पुन्हा सुरू केला, एका अटीवर, की सकाळी सगळ्यात आधी काकांचा हात कॅमेऱ्यासमोर. एक्कावन्न ते साठ क्रमांकांची माणसं भावोजींनी स्वतः लाल शाईने खोडली आणि पुढे लिहिलं, 'यंत्र नादुरुस्त होते.'

परवा मी ताईकडे मुक्कामाला होते. सकाळी भावोजी बूट घालून तयार, डबा काखेत. ताई भांडी घासत होती. हे तिच्यामागे जाऊन उभे.

"शून्य," ते म्हणाले.

मला वाटलं काहीतरी घरगुती थट्टा असेल. पण ताईने नळ बंद केला आणि वळली.

"आधी हात पूस," भावोजी म्हणाले. "नीट पूस, जरा चोळ. पाण्यातला हात खोटं बोलतो."

तिने हात पुसले, एकमेकांवर चोळले, आणि मग त्यांचा तो पालथा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. ती डोळे बारीक करून उभी राहिली, अगदी त्यांच्यासारखी. चार-पाच सेकंद झाले. दहा झाले. बाहेर बसचा हॉर्न वाजला.

"अगं, निकाल सांग ना. बस जाईल."

"जाऊ दे," ताई म्हणाली. "मी अजून बघतेय."

आणि तिने हात सोडला नाही.